भ्रम आणि अर्धशिशी : एका व्याधीच्या नामकरणाचा इतिहास

(१)

रोग आणि त्याचे नाव यांचा संबंध सामान्यतः सरळ मानला जातो. रोग आधी असतो, वैद्य तो ओळखतो आणि मग त्याला नाव देतो, अशी समजूत रूढ आहे. पुष्कळ रोगांच्या बाबतीत ती खरीही असते. परंतु काही व्याधींच्या बाबतीत क्रम उलटा घडलेला दिसतो. एकाच अनुभवाच्या दोन अंगांना फार पूर्वी दोन स्वतंत्र नावे मिळाली, त्या नावांभोवती दोन स्वतंत्र शास्त्रे उभी राहिली, आणि ती दोन अंगे एकाच व्याधीची आहेत हे सर्वमान्य होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. आज ज्या विकाराला ‘व्हेस्टिब्युलर मायग्रेन’ म्हणतात, तो या प्रकाराचे एक ठळक उदाहरण होय.

या नावातील पहिल्या पदाचे मूळ लॅटिन ‘वेस्टिब्युलम’ या शब्दात आहे. घराच्या प्रवेशद्वाराजवळील मोकळी जागा, म्हणजे मराठी घरातील देवडी, असा त्याचा मूळ अर्थ. आंतरकर्णाच्या मध्यभागी असलेल्या पोकळीला शरीररचनाशास्त्रज्ञांनी हे नाव दिले, आणि पुढे शरीराचा तोल सांभाळणाऱ्या सर्व यंत्रणेस ते लागू झाले. दुसरे पद ‘मायग्रेन’, म्हणजे अर्धशिशी. तेव्हा या विकारास मराठीत ‘भ्रमयुक्त अर्धशिशी’ म्हणण्यास हरकत नसावी.

विकाराचे स्वरूप थोडक्यात असे आहे. रोग्यास अधूनमधून झटके येतात. झटक्यात कधी भोवतालची खोली फिरते, कधी स्वतःचे शरीर फिरते किंवा हेलकावते असे वाटते. कधी केवळ मान वळविल्याने अथवा हलते दृश्य पाहिल्याने तोल सुटतो व मळमळ होते. झटका काही मिनिटांत संपतो किंवा दोन-तीन दिवस टिकतो. त्याच्या आधी, बरोबर वा मागून डोके दुखते. पण प्रत्येक वेळी दुखतेच असे नाही. प्रकाश व आवाज असह्य होतात. झटका ओसरल्यावर मात्र तपासणीत बहुधा उल्लेखनीय असे काही आढळत नाही. रक्ताच्या परीक्षेत, मेंदूच्या छायाचित्रात वा श्रवणाच्या आलेखात या विकाराची निश्चित खूण पटविणारे चिन्ह अद्याप सापडलेले नाही. त्याचे निदान रोग्याने सांगितलेल्या वृत्तान्तावरच करावे लागते. म्हणून या विकाराच्या इतिहासात शब्दांना जे महत्त्व आहे, ते फार थोड्या रोगांच्या इतिहासात असेल.

(२)

भारतीय वैद्यकातील पुरावा प्रथम पाहणे सोयीचे होईल. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पंचविसाव्या अध्यायात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत ‘अर्धावभेदक’ हा एक आहे. त्याचे वर्णन करताना डोक्याच्या अर्ध्या भागात फुटल्यासारख्या व टोचल्यासारख्या वेदना होतात असे सांगून सुश्रुताने त्याच ओघात ‘भ्रम’ या लक्षणाचाही समावेश केला आहे. शिवाय ही पीडा पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी अथवा अकस्मात उद्भवते, असेही त्याने नमूद केले आहे. वेदना, भ्रम आणि ठरावीक वा अनियमित अंतराने होणारी पुनरावृत्ती या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

या उल्लेखावरून सुश्रुतास आजचा विकार आजच्या अर्थाने ठाऊक होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ‘भ्रम’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. फिरणे, चुकणे आणि भलताच समज होणे हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. परंतु ही दोन लक्षणे एका रोगाच्या वर्णनात बसू शकतात, एवढे निरीक्षण तेथे निश्चितपणे नोंदलेले आहे. उत्तरकालीन मांडणीत मात्र त्यांची ताटातूट झालेली दिसते. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांच्या यादीत भ्रमाची स्वतंत्र गणना आहे. माधवनिदानात भ्रमाचा विचार मूर्च्छा, निद्रा, तंद्रा आणि संन्यास यांच्याबरोबर एका अध्यायात येतो, आणि शिरोरोगांचा अध्याय त्याहून फार पुढे येतो. भ्रमाचे सख्य अशा रीतीने शुद्ध हरपण्याशी जुळले आणि अर्धावभेदकाचे वेदनेशी.

हीच विभागणी मराठी बोलीत उतरली आहे. ‘अर्धशिशी’ या शब्दाच्या उत्तरार्धात संस्कृत ‘शीर्ष’ आहे. अर्धे डोके दुखणे एवढेच तो सांगतो. फिरण्याचा त्यात मागमूसही नाही. दुसऱ्या बाजूस ‘चक्कर’, ‘घेरी’ आणि ‘भोवळ’ हे शब्द आहेत. ‘चक्कर’ चक्राशी, ‘घेरी’ घेराशी आणि ‘भोवळ’ भोवरा व भोवती यांच्या कुळाशी, म्हणजे अखेर संस्कृत ‘भ्रम्’ धातूशी संबद्ध आहे. तिन्ही शब्दांच्या मुळाशी वर्तुळाकार गती आहे. व्यवहारात मात्र ही गती पुसट झाली. उपाशी राहिल्याने डोके हलके होते तेव्हा चक्कर येते. एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्करच. उन्हात कोणी शुद्ध हरपून पडला तरी ‘चक्कर येऊन पडला’ असे म्हणतात. म्हाताऱ्या माणसाचा चालताना झोक गेला तरी तोच शब्द. भिन्न कारणांनी उद्भवणाऱ्या चार अवस्था एका शब्दाखाली एकत्र आल्या, आणि एका कारणाने उद्भवणारी दोन लक्षणे दोन शब्दांनी वेगळी पाडली.

यात आणखी एका शब्दाची भर घातली पाहिजे. डोके दुखून उलटी झाली आणि उलटीनंतर बरे वाटले, तर मराठी घरात त्या त्रासास ‘पित्त’ म्हणतात. हे नाव एकदा पडले की अर्धशिशीचा संशयही येत नाही. दोष जेवणावर, जागरणावर वा उन्हावर जातो. विशेष असे की जागरण आणि चुकलेले जेवण ही दोन्ही अर्धशिशीचा झटका आणणारी परिचित कारणे आहेत. लोकांचे निरीक्षण अचूक असूनही नावामुळे ते दुसऱ्या वाटेने गेले, असे येथे म्हणावे लागते.

(३)

युरोपीय परंपरेतही प्रारंभ जवळिकीने झाला. ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांतील ग्रीक वैद्य अरेटेअस याने दीर्घकालीन रोगांवरील ग्रंथात प्रथम डोकेदुखीचा, लगेच नंतर भ्रमाचा आणि त्यानंतर अपस्माराचा विचार केला आहे. ही प्रकरणे वेगळी असली तरी शेजारची आहेत. गेलेनच्या ग्रंथांतून ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्धे कवटीशीर्ष, हा शब्द रूढ झाला. त्याचे पहिले अक्षर गळून फ्रेंच भाषेत ‘मिग्रेन’ झाले. संस्कृत, ग्रीक आणि मराठी या तिन्ही भाषांनी या व्याधीचे नाव ‘अर्ध्या’वरूनच घडविले, ही गोष्ट लक्षणीय आहे. वेदनेची जागा दाखविता येते, म्हणून नावही जागेवरून पडले. भ्रमाला बोट ठेवण्याजोगी जागा नाही. तो नावाबाहेर राहिला.

इंग्रजीने फ्रेंचमधून घेतलेल्या ‘मेग्रिम’ या शब्दाचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. अर्धे डोके दुखणे हा त्याचा मूळ अर्थ; परंतु इंग्रजीत त्याला भोवळ हा अर्थही चिकटला. घोडे झोकांड्या खाऊ लागले तर त्यांच्या त्या रोगासही हेच नाव देत. पुढे मनाची लहर वा उदासी असाही अर्थ त्यास आला. म्हणजे शास्त्राने ज्या दोन गोष्टी अलग ठेवल्या होत्या, त्या लोकभाषेने कित्येक शतके एका शब्दात सांभाळल्या. नंतर वैद्यकात ‘मायग्रेन’ हे फ्रेंच रूप प्रमाण ठरले आणि ‘मेग्रिम’ मागे पडला. त्याच्याबरोबर भोवळीचा अर्थही मागे पडला.

(४)

एकोणिसाव्या शतकात भ्रमाला प्रथमच शरीरात निश्चित स्थान मिळाले. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्लूरँस याने १८२० च्या दशकात कबुतरांच्या आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या. कबुतरांना ऐकू येत राहिले, पण त्यांची हालचाल विलक्षण बिघडली. कान हे केवळ श्रवणाचे इंद्रिय नाही, असा याचा अर्थ होता. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचा वैद्यकीय प्रमुख प्रॉस्पेर मेनिएर याने जानेवारी १८६१ मध्ये तेथील वैद्यक अकादमीपुढे आपला निबंध वाचला. भ्रम, कानातील नाद आणि बहिरेपणा एकत्र आढळणाऱ्या रोग्यांचे दुखणे मेंदूत रक्त साचल्याने होते असे तोवर समजत, आणि त्यांचे रक्त काढीत. हे दुखणे आंतरकर्णाचे आहे, असे मेनिएरने दाखविले. पुढच्याच वर्षी तो मरण पावला. त्याचे नाव मात्र रोगाला कायमचे लागले.

या शोधाने असंख्य रोग्यांची रक्तमोक्षणातून सुटका केली, यात शंका नाही. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. भ्रम कानाचा ठरला, तर डोकेदुखी मेंदूचीच राहिली. पुढे कर्णतज्ज्ञ आणि मज्जातंतुतज्ज्ञ असे दोन वर्ग निर्माण झाले, तेव्हा रोग्याच्या तक्रारीचाही तसाच बटवारा झाला. चक्कर घेऊन तो एका दारी जाई आणि डोकेदुखी घेऊन दुसऱ्या दारी. दोन्ही तक्रारी एकाच बैठकीत सांगण्याचा प्रसंग त्याला क्वचितच येई, आणि त्या परस्परसंबद्ध असतील असे त्यालाही वाटत नसे.

या प्रवाहाच्या विरुद्ध जाणारे अभ्यासक नव्हते असे नाही. एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज वैद्याने १८७३ मध्ये अर्धशिशीवर बृहद् ग्रंथ लिहिला. अर्धशिशी हे मज्जासंस्थेतील वादळ आहे, असे त्याचे मत होते, आणि भ्रमाला त्याने या वादळाच्या आप्तवर्गात स्थान दिले. विल्यम गॉवर्सने १९०७ मध्ये अपस्माराच्या सीमेवरील विकारांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच भ्रम आणि मायग्रेन शेजारी बसले आहेत. १९१७ मध्ये जर्मन वैद्य बोएनहाइम याने कुळात चालत आलेल्या अशा विकाराला ‘हेमिक्रेनिया व्हेस्टिब्युलारिस’ असे नाव दिले. आजच्या नावाची दोन्ही पदे तेथे एकत्र आली होती. तरीही हे नाव रुजले नाही. नाव सुचणे आणि त्यासाठी शास्त्रात जागा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

(५)

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जागेची पूर्वतयारी झाली. बिकरस्टाफने १९६१ मध्ये मस्तिष्कस्तंभाशी संबंधित अर्धशिशीचे वर्णन केले; त्यात भ्रम हे एक प्रमुख लक्षण होते. बासरने १९६४ मध्ये लहान मुलांना अकस्मात येणाऱ्या व आपोआप ओसरणाऱ्या भ्रमाच्या झटक्यांचे वर्णन केले. या मुलांपैकी अनेकांना पुढे अर्धशिशी होते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. परंतु प्रौढ रोग्यांचा मोठा वर्ग अजून नावावाचून होता. अमेरिकन वैद्यकाने १९७२ च्या आपल्या निकषांत श्रवणदोष नसलेल्या रोग्यांसाठी मेनिएरच्या रोगाचा एक ‘संतुलनविषयक’ पोटभेद मान्य केला होता. ज्यांचे कान शाबूत आहेत पण चक्कर वारंवार येते, असे रोगी त्यात घातले जात. १९८५ मध्ये हा पोटभेद रद्द झाला. नावाचे घर मोडले, पण त्यात राहणाऱ्यांना दुसरे घर मिळाले नव्हते.

त्याच सुमारास, १९८४ मध्ये, लंडन येथे कायन आणि हुड यांनी अर्धशिशीचे रोगी आणि ताणजन्य डोकेदुखीचे रोगी यांची तुलना प्रसिद्ध केली. भ्रमाचे प्रमाण पहिल्या वर्गात स्पष्टपणे अधिक आढळले. १९९९ मध्ये म्युनिक येथील डीटरिश आणि ब्रांट यांनी ९० रोग्यांचा अभ्यास मांडताना ‘व्हेस्टिब्युलर मायग्रेन’ हे नाव शीर्षकात योजले, पण त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. २००१ मध्ये बर्लिनच्या नॉयहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्करेसाठी आलेल्या २०० रोग्यांची पाहणी केली. त्यांतील ३८ टक्क्यांना अर्धशिशी होती. तुलनेसाठी घेतलेल्या इतर रोग्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. याच गटाच्या २००६ मधील लोकसंख्याव्यापी पाहणीत आयुष्यात केव्हातरी हा विकार झालेल्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का आढळले. विकार दुर्मिळ नव्हता. त्याची गणना झाली नव्हती, इतकेच.

अखेर २०१२ मध्ये भ्रमविषयक अभ्यासाची बाराणी सोसायटी आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्था यांनी संयुक्त निकष प्रसिद्ध केले. मध्यम वा तीव्र स्वरूपाचे, पाच मिनिटे ते ७२ तास टिकणारे किमान पाच झटके. अर्धशिशीचा आजचा वा पूर्वीचा इतिहास. निदान निम्म्या झटक्यांत अर्धशिशीचे एक तरी लक्षण, म्हणजे विशिष्ट प्रकारची डोकेदुखी, अथवा प्रकाश व आवाज दोन्ही असह्य होणे, अथवा डोळ्यांपुढे तेजोरेषा दिसणे. आणि दुसऱ्या कोणत्याही रोगाने याचा अधिक चांगला उलगडा न होणे, अशा त्या अटी आहेत. डोकेदुखी ही यांत अनिवार्य नाही, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. ‘अर्ध्या डोक्या’वरून पडलेल्या नावाची पकड येथे प्रथम सैल झाली. २०१३ मध्ये हा विकार डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या परिशिष्टात दाखल झाला. २०१८ च्या आवृत्तीतही तो परिशिष्टातच आहे. २०२२ मध्ये निकषांचा फेरविचार झाला व ते कायम ठेवण्यात आले.

निकषांच्या या इतिहासात आयुर्वेदाच्या अभ्यासकास एक परिचित प्रश्न भेटतो. आयुर्वेदाच्या निदानपंचकात ‘उपशय’ हे एक अंग आहे. कशाने बरे वाटते त्यावरून रोग ओळखणे, असा त्याचा आशय. २००१ च्या बर्लिन निकषांत अर्धशिशीच्या औषधाने गुण येणे ही गोष्ट संभाव्य निदानाचा एक आधार मानली होती. २०१२ मध्ये ती वगळण्यात आली. झटका स्वतःहूनही ओसरतो, आणि एकाच औषधाने भिन्न विकारांस गुण येऊ शकतो. तेव्हा उपशयावरून रोगाची ओळख पटविणे धोक्याचे होय.

(६)

निकष ठरले तरी प्रत्यक्ष निदानातील मुख्य अडचण भाषेचीच राहिली. १९७२ मध्ये ड्रॅखमन आणि हार्ट यांनी चक्करेच्या रोग्यांची चार प्रकारांत विभागणी सुचविली होती : गरगरणे, शुद्ध हरपेलसे वाटणे, चालताना तोल जाणे आणि डोके हलके होणे. ‘चक्कर म्हणजे नेमके काय होते?’ हा प्रश्न त्यामुळे तपासणीचा पाया ठरला आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना तोच शिकविला गेला. २००७ मध्ये अमेरिकेतील न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पायाचीच परीक्षा घेतली. त्यांनी रोग्यांना चक्करेचे स्वरूप विचारले आणि काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. निम्म्याहून अधिक रोग्यांनी दुसऱ्या वेळी निराळे उत्तर दिले.

भाषाभ्यासकास याचे आश्चर्य वाटू नये. तांबडा रंग दाखवून शब्दाचा अर्थ पक्का करता येतो. भ्रमाचा अनुभव दुसऱ्यास दाखविता येत नाही. म्हणून त्याचे शब्द समाजात कधी घासून नेमके झालेच नाहीत. प्रत्येक रोगी जवळचा शब्द उचलतो आणि तो अपुरा वाटला की दुसरा उचलतो. या चंचलतेचा दोष रोग्याच्या माथी मारून त्याचे दुखणे मनाचे ठरविणे हा अन्याय होय, आणि या विकाराच्या रोग्यांवर तो पुष्कळदा झालेला आहे.

यावर शोधलेला उपाय साधा आहे. अनुभवाच्या गुणाऐवजी त्याचा काळ आणि प्रसंग विचारावयाचा. झटका किती वेळ टिकतो, किती दिवसांनी येतो, कशाने येतो, त्या वेळी दिवा व आवाज सहन होतो काय, ऐकू कमी येते काय, पूर्वी कधी डोके दुखून उलटी होत असे काय, या प्रश्नांची उत्तरे रोगी बऱ्याच स्थिरपणे देतो. कुशीवर वळताच काही सेकंद घर फिरत असेल, तर आंतरकर्णातील सूक्ष्म खडे सरकल्याचा संशय येतो. प्रत्येक झटक्याबरोबर एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर मेनिएरच्या रोगाचा विचार होतो. चक्करेबरोबर एकाएकी दुहेरी दिसू लागले, बोबडी वळली किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा तातडीचा प्रश्न असतो आणि वेळ दवडता येत नाही. बाराणी सोसायटीने २००९ मध्ये लक्षणांच्या संज्ञा ठरविताना ‘स्वतः फिरणे’ आणि ‘भोवताल फिरणे’ ही दोन्ही एकाच भ्रमाची रूपे मानली. ‘तुम्ही फिरता की घर फिरते?’ या जुन्या प्रश्नाचा निर्णायकपणा त्यामुळे संपुष्टात आला.

मराठीभाषक रोग्याच्या बाबतीत आणखी दोन प्रश्नांची जोड आवश्यक ठरते. ‘अर्धशिशी आहे काय?’ असे विचारल्यास, ज्याचे संपूर्ण डोके दुखते तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. ‘पित्ताचा त्रास होतो काय?’ असे विचारल्यास तोच ‘लहानपणापासून’ म्हणून सांगतो. त्याचप्रमाणे, वयाची चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या स्त्रीची डोकेदुखी थांबून कित्येक वर्षे लोटलेली असतात आणि आता नुसती चक्कर येते. रजोनिवृत्तीच्या सुमारास वेदनेची जागा भ्रमाने घ्यावी, हा या विकारात वारंवार दिसणारा क्रम आहे. तेव्हा थांबलेल्या दुखण्याची चौकशी चालू दुखण्याइतकीच अगत्याची ठरते.

(७)

योग्य नावाने रोग्याचे काय साधते, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. औषधोपचाराच्या दृष्टीने पाहता समाधान मर्यादित आहे. अर्धशिशीस प्रतिबंध करणारी औषधे या विकारातही दिली जातात. परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन समीक्षांत त्यांच्या गुणाविषयीचा पुरावा फार तोकडा असल्याचे दिसून आले. झोपेची व जेवणाची वेळ सांभाळणे, झटक्यांची टिपणवही ठेवणे, तोल सावरण्याचे व्यायाम करणे हे उपाय त्यांच्या जोडीस असतात.

तथापि नावाचे कार्य औषधाच्या चिठ्ठीपुरते नसते. या विकाराचा रोगी झटक्याइतकाच पुढील झटक्याच्या धास्तीने ग्रासलेला असतो. घाटातील बसचा प्रवास, बाजारातील गर्दी, लग्नघरातील दिव्यांची रोषणाई आणि ध्वनिक्षेपक तो टाळू लागतो. पाहणाऱ्यास त्याच्यात काहीच दिसत नाही. त्यामुळे घरात तो आळशी ठरतो आणि कचेरीत बहाणेबाज. मानेच्या मणक्याची, रक्तदाबाची, मनाची अशी निदाने बदलत जातात आणि प्रत्येक निदानाबरोबर नवे पथ्य येते. विकाराचे नाव निश्चित झाले म्हणजे मेंदूतील गाठीची भीती सरते, निरुपयोगी औषधे सुटतात, आणि जे सांगूनही कोणास पटत नव्हते ते घरच्यांस एका शब्दात सांगता येते.

मराठीत ‘निदान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : रोगाची ओळख, आणि ‘किमान’. वैद्याने निदान रोग्याचे सर्व बोलणे एका ठिकाणी ऐकून घ्यावे, इतकीच अपेक्षा या इतिहासातून निघते. सुश्रुताने एका वर्णनात एकत्र ठेवलेली लक्षणे पुन्हा एकत्र येण्यास इतका दीर्घ काळ लागला, कारण ती ऐकणारे कान दोन होते. मराठी वैद्यकीय परिभाषा घडविणाऱ्यांनी ‘चक्कर’, ‘भोवळ’, ‘अंधारी’, ‘झोक जाणे’ या शब्दांच्या प्रादेशिक अर्थच्छटा गोळा करून त्यांचा कोश सिद्ध केला, तर त्याचा उपयोग शब्दसंग्राहकापेक्षा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या तरुण डॉक्टरास अधिक होईल.